पुन्हा तोललेला आकडाच खरा

अन्नधान्याच्या पोषकतेविषयी छापून आलेला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, ही समजूत शेतीस व आरोग्यास सारखीच घातक होय. एका ठिकाणी, एका हाताने काढलेला निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हाताने तसाच निघाला, तरच तो विश्वासास पात्र ठरतो.

मेक्सिकोहून आलेल्या 'सोनोरा ६४' या तांबड्या गव्हावर किरणांचा प्रयोग करून दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने 'शरबती सोनोरा' हे पिवळसर दाण्याचे वाण तयार केले व १९६७ मध्ये प्रसारित केले. दाण्याचा रंग बदलला, हे खरेच होते. परंतु त्यातील लायसिन हे प्रथिनांचे आवश्यक द्रव्यही फार वाढले, असा गाजावाजा झाला. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू केंद्रातील फेरतपासणीत ती वाढ आढळली नाही.

कॅनडातील प्रकरण याहून गंभीर आहे. जीवनसत्त्वांच्या गोळीने वृद्धांची स्मरणशक्ती सुधारते, असे डॉ. रणजित चंद्र यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. इतर शास्त्रज्ञांनी आकड्यांची छाननी केली, तेव्हा ते असंभवनीय ठरले. २००५ मध्ये तो लेख मागे घेण्यात आला. बालकांच्या कृत्रिम दुधाविषयीचा त्यांचा १९८९ चा लेख मागे घेण्यास मात्र २०१५ साल उजाडले.

हा धडा जिंतूर तालुक्यासही लागू आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' ही ज्वारी प्रसारित केली. तिच्या किलोभर दाण्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असल्याचे नमूद आहे. तिचा प्रसार इष्टच आहे. तथापि जमीन बदलली की दाण्यातील लोह व जस्त कमीअधिक होते. पूर्णाकाठची काळी जमीन व डोंगराकडची मुरमाड जमीन एकसारखी नव्हे. शिवाय दाण्यातील सर्व लोह रक्तात जात नाही. धान्यातील फायटेट त्याचे शोषण अडवते. यास्तव दाण्याची परीक्षा निराळी आणि खाणाऱ्याच्या रक्ताची परीक्षा निराळी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढे अवश्य करावे. नवे व गावचे वाण एकाच शेतात, निदान तीन जोड्यांनी, चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या तुकड्यांत पेरावे. उत्पन्न शेतकऱ्यांसमक्ष तोलावे. बुडालेल्या तुकड्याचा आकडाही वहीत ठेवावा आणि पुढील हंगामी हाच प्रयोग दुसऱ्या शिवारात करावा. शेतकरी बंधूंनीही वही मागून पाहण्यास संकोचू नये.

वरिष्ठांचीही यात जबाबदारी आहे. कमी उताऱ्याबद्दल कार्यकर्त्यास ठपका मिळू लागला, की आकडे खळ्यावर न पिकता टेबलावर पिकू लागतात. प्रामाणिकपणे नोंदलेले अपयश हे शेतीशास्त्राचे भांडवल आहे. खोट्या यशाचा भुर्दंड मात्र ते धान्य भरवशाने खाणाऱ्या मुलाबाळांना सोसावा लागतो.