देवळाच्या दारातील प्रतिस्पर्धी

सिल्वासा येथील आमच्या एका देवळाच्या व्यवस्थापक मंडळींनी सभामंडपाच्या खांबावर एक फलक लावावयाचे योजिले आहे. त्याचा मसुदा आमच्या पाहण्यात आला. 'देवळाच्या आवारात पोकेमॉनचा खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे', एवढाच मजकूर त्यावर आहे. मसुद्यावर सह्या करणारे गृहस्थ आमच्या आदरास पात्र आहेत. कारखान्यांच्या निमित्ताने कोकणातून व गोमंतकातून येथे आलेल्या आपल्या कुटुंबांना एकत्र आणून दमणगंगेच्या काठी उत्सवाची पालखी काढावी, हा त्यांचाच उद्योग. तरीही हा फलक लागू नये असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते आम्ही येथे सकारण मांडीत आहोत.

फलकाच्या बाजूने तीन कारणे सांगितली जातात. पहिले कारण असे, की मुले आरतीच्या वेळीही हातातील यंत्राकडे पाहत असतात. हे कारण खरे आहे. आरती चालू असता फोन बाहेर ठेवावा, हा नियम मुलांना लावावा आणि मुलांच्या वडिलांनाही लावावा; कारण आरतीचे चित्रण करण्यासाठी हात उंचावून मागच्यांचे दर्शन अडविणारे बहुधा वडीलच असतात. परंतु हा नियम यंत्राचा झाला, त्याला खेळाचे नाव कशासाठी?

दुसरे कारण अंड्यांचे. हा खेळ जुलै २०१६ मध्ये निघाला आणि डिसेंबर २०१६ मध्ये रीतसर भारतात आला. मध्यंतरी, सप्टेंबर २०१६ मध्ये, गुजरात उच्च न्यायालयापुढे एक जनहित याचिका आली. खेळातील बक्षिसे अंड्यांच्या रूपात देवळांच्या ठिकाणी मिळतात, आणि त्यामुळे हिंदू व जैन भाविकांच्या भावना दुखावतात, असे तिच्यात म्हटले होते. त्या भावनेची आम्ही थट्टा करणार नाही. परंतु ही अंडी कोणी फोडीत नाही, शिजवीत नाही. मूल दोन, पाच किंवा दहा किलोमीटर चालले म्हणजे ती उबतात आणि त्यांतून एखादा चित्रातील जीव बाहेर पडतो. आपल्या पुराणांनी अवघे विश्वच ब्रह्मांड म्हणून कल्पिले आहे. अंड्यातून सृष्टी निघते ही कल्पना निदान आपल्याला तरी परकी वाटू नये.

तिसरे कारण मात्र गंभीर आहे, आणि हा लेख त्याच्यासाठीच आहे. या खेळाच्या नकाशावर देवळे, पुतळे, जुन्या वास्तू हे थांबे म्हणून दाखविलेले असतात. जुलै २०१९ पासून या थांब्यांवर 'टीम गो रॉकेट' नावाच्या एका दुष्ट टोळीची माणसे येऊन उभी राहतात. थांबा काळवंडतो, आणि त्या माणसाला लढतीत हरविले की तो पूर्ववत होतो. आज हरविले तरी उद्या पुन्हा कोणी तेथे उभा असतोच. मंडळींचे म्हणणे असे, की देवाच्या दारात असुर उभा करणारा हा खेळ आपल्या संस्कृतीच्या विरुद्ध आहे. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. देवाच्या दारात असुर उभा करणे ही आपलीच जुनी रीत आहे. ती आपण मोडली, म्हणून मुले तिला परक्या यंत्रात शोधीत आहेत.

या प्रतिस्पर्ध्याची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे, कारण फलकावर सह्या करणाऱ्यांपैकी कोणी हा खेळ खेळून पाहिला असेल असे आम्हांस वाटत नाही. पोकेमॉनचा पहिला खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात निघाला. त्याचा कर्ता सातोशी ताजिरी याला लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. त्या नादातूनच चित्रविचित्र जीव पकडून पाळण्याचा हा खेळ त्याला सुचला. त्यात आरंभीच एक वृद्ध प्राध्यापक भेटतो. तो आपल्या नातवाची ओळख करून देतो, पण नातवाचे नावच त्याला आठवत नाही. ते नाव खेळणाऱ्या मुलाने सांगावयाचे. मुले तेथे आपल्या भावाचे, वर्गातील मित्राचे, किंवा ज्याच्याशी अबोला धरला आहे त्याचे नाव घालतात. म्हणजे आपला प्रतिस्पर्धी कोण, हे पहिल्याच क्षणी मुलाने स्वतः ठरवावयाचे असते.

मग प्राध्यापक दोघांपुढे तीन जीव ठेवतो: एक अग्नीचा, एक जलाचा, एक वनस्पतीचा. मुलाने अग्नीचा घेतला तर नातू जलाचा घेतो. मुलाने जलाचा घेतला तर तो वनस्पतीचा घेतो. आपल्यावर भारी पडेल तोच तो उचलतो. त्यानंतर तो आपला पिच्छा सोडीत नाही. पुलाच्या तोंडाशी, जहाजावर, मृत जीवांच्या स्मारकाच्या मनोऱ्यात, वाटेत जेथे जेथे मूल थकलेले असते तेथे तो हसत पुढे येतो आणि टोमणा मारून लढतीस उभा राहतो. मुलाने सारे अडथळे पार करून अखेरचे सिंहासन गाठावे, तर त्यावर हाच क्षणापूर्वी येऊन बसलेला असतो. तेथे तो हरला म्हणजे आजोबा येतात आणि त्याला सांगतात, की तू आपल्या जीवांना प्रेमाने व विश्वासाने वागवावयास विसरलास, म्हणून हरलास.

१९९९ साली निघालेल्या पुढच्या खेळात दुसरा प्रतिस्पर्धी आला. तो तर चोर आहे. प्रयोगशाळेतून एक जीव चोरून तो पळतो, दुर्बळांचा तिरस्कार करतो, आणि पुन्हा पुन्हा हरतो. त्याच्यापाशी एक वटवाघूळ आहे. या जातीचे वटवाघूळ आपल्या धन्यावर त्याचा जीव जडल्याशिवाय पुढचे रूप घेत नाही, असा खेळाचा नियम आहे. कथेच्या शेवटाकडे हा चोर पुन्हा भेटतो, तेव्हा त्याच्या वटवाघळाने ते रूप घेतलेले असते. कोणी प्रवचन करीत नाही. पण समजणाऱ्या मुलाला समजते, की या माणसाचे मन पालटले.

आमच्या शेजारच्या एका दहा वर्षांच्या मुलास आम्ही विचारले, की हा दुष्ट तुला इतका का आवडतो? तो आपल्या मालवणीत म्हणाला, "काकानु, तो परत येतलो. म्हणान मी तयारी करतंय." एवढ्या दोन वाक्यांत त्याने जे सांगितले, ते आमच्या लेखाचे सार आहे.

आता आपल्या घराकडे वळू. सिंधुदुर्गातील आणि गोमंतकातील जत्रा आठवा. पालखीची प्रदक्षिणा झाली, मध्यरात्र कलली, की दशावतार उभा राहावयाचा. मुख्य आख्यानापूर्वी पूर्वरंगात गणपती येई, ऋद्धिसिद्धी येत, सरस्वती येई, आणि मग काळ्या वेषातील, काळ्या मुखवट्याचा संकासुर येई. ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा हा असुर रंगभूमीवर येताच पेंगुळलेली पोरे खडबडून जागी होत. तो नाईकाशी मालवणीत हुज्जत घाली, गावच्या शहाण्यांची खोड काढी, पोरांना हसवी आणि घाबरवी. अखेर विष्णू येऊन त्याचा वध करी. पुढल्या गावी, पुढल्या रात्री, तो पुन्हा वेद चोरावयास हजर! आख्यान रोज निराळे, राजा निराळा, राणी निराळी. संकासुर मात्र तोच. वारंवार परतून येणारा प्रतिस्पर्धी जपानने १९९६ साली शोधून काढला, असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या आजोळच्या जत्रेची एक रात्र आठवावी.

आणि हे केवळ आपल्याच गावचे वैभव नव्हे. येथून जवळच जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात बोहाडा होतो. या प्रदेशातील आदिवासी बांधव त्याच जातीच्या सोंगांचा भवाडा नाचतात. तेथेही देवांच्या मुखवट्यांबरोबर असुरांचे मुखवटे नाचतात आणि देवीला महिषासुराशी झुंजावे लागते. महिषासुराला रजा दिली, तर देवीने तेथे काय करावे?

आज आपण नेमके तेच करीत आहोत. दशावतारी मंडळी शहरात बोलावली, की तिला सांगितले जाते, 'दोन तासांत आटपा, लोकांना सकाळी पाळी गाठावयाची असते.' मग प्रथम काय गळते? पूर्वरंग गळतो, आणि त्याबरोबर संकासुर गळतो. उत्सवातील मुलांच्या स्पर्धांत कोणी हिरमुसू नये म्हणून सर्वांना बक्षीस दिले जाते. बुद्धिबळाच्या पटावर आजोबा नातवाला मुद्दाम जिंकू देतात. मुलाच्या वाटेतील प्रत्येक विरोधक आपण आधीच जाऊन दूर करतो, आणि मग ते फोनमध्ये विरोधक शोधू लागले की फलक रंगवावयास घेतो.

वाचकहो, हा रोग आता त्या खेळालाही जडला आहे. २०१६, २०१९ आणि २०२२ साली जे मुख्य खेळ निघाले, त्यांतील प्रतिस्पर्धी मोठा गोड स्वभावाचा मित्र आहे. मुलाने अग्नी घेतला, की हा मित्र जल घेत नाही. अग्नीपुढे जे जळेल ते वनस्पतीचे पिल्लू तो आपणहून उचलतो. मैत्रीला आमचा विरोध नाही. मित्रानेही लढावे, आणि खऱ्या मित्राने तर कसून लढावे. पण मुद्दाम दुबळे हत्यार घेऊन समोर येणारा मित्र मुलाचा मान राखीत नाही. 'तुला हार सोसणार नाही', असेच तो त्याला सांगत असतो. पहिल्या खेळातील तो टोमणे मारणारा नातू आम्हांस अधिक आदराचा वाटतो. त्याच्याशी झालेली पहिलीच लढत मूल हरले, तरी खेळ संपत नाही; वाट पुढे चालूच राहते. हरल्यावरही वाट असते, हे मुलाला आठव्या-नवव्या वर्षी कळावे, याहून मोठा संस्कार कोणता?

या खेळाचे आम्ही वकीलपत्र घेतलेले नाही. त्याचे उणेही सांगितले पाहिजे. तो विकावयाचा माल आहे. मुलाचा हात यंत्रावरून उठू नये, यात विकणाऱ्याचा लाभ आहे. शिवाय टीम गो रॉकेटचा तो शिपाई हरला की नाहीसा होतो. त्याचे पुढे काय झाले, याची विचारपूस कोणी करीत नाही. येथे आपली परंपरा कितीतरी पुढे आहे. संकासुर विष्णूच्या हातून मरतो, म्हणून तो तरतो. आपल्याकडे विरोधकालाही गती आहे, नव्हे, विरोधभक्ती हा भक्तीचाच एक मार्ग मानला आहे. हे मुलांना त्या यंत्रात मिळणार नाही, ते आपणच द्यावयाचे आहे. परंतु फलक लावून ते देता येत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. फोन आरतीपुरते बाहेर ठेवा, सर्वांचे ठेवा. खेळाचे नाव घालून मुलांना दाराशी अडवू नका. जी मुले थांबा शोधीत का होईना देवळाच्या पायरीपर्यंत चालत येतात, त्यांना परत धाडण्याइतकी आपल्या देवळांतील गर्दी दाटलेली नाही. येत्या उत्सवात दशावतार पूर्ण लावा, पूर्वरंगासह लावा, आणि संकासुराला त्याचा वेळ द्या. शक्य असेल तर भवाडा नाचणाऱ्या शेजाऱ्यांनाही सन्मानाने बोलवा. मुलांच्या स्पर्धेत एकाला पहिले बक्षीस द्या. बाकीच्यांना पुढील वर्षी पुन्हा या म्हणावे. ज्या सिल्वाशाने २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज सत्तेचे जोखड फेकून दिले, आणि ज्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखा सुरांचा माणूसही उतरला, त्या गावात तरी प्रतिस्पर्ध्याचे भय लहान मुलांना शिकविले जाऊ नये.

शेवटी एकच विनंती. फलकाचा खिळा ठोकण्यापूर्वी मंडळींनी गाभाऱ्याच्या दाराकडे एकवार पाहावे. विष्णूच्या देवळात तेथे दोन्ही बाजूंस जय आणि विजय उभे असतात. सनकादिकांच्या शापाने हेच दोघे हिरण्याक्ष व हिरण्यकशिपू झाले, रावण व कुंभकर्ण झाले, शिशुपाल व दंतवक्र झाले. भक्त होऊन सात जन्म घ्यावे की वैरी होऊन तीन, असे विचारले असता, लवकर परत यावे म्हणून त्यांनी वैर पत्करले, असे आमचे कीर्तनकार सांगत आले आहेत. तीन युगे देवाशी लढलेले हे प्रतिस्पर्धी आज त्याच्याच दारात पहारा करीत आहेत, आणि त्यांच्या मधून वाकल्याशिवाय आपल्यापैकी कोणालाही आत जाता येत नाही. देवाने ज्यांना दारातून हाकलले नाही, त्यांच्या एका जपानी भावंडासाठी आपण मनाईचा फलक लावावा काय?