म्हशीचा भार कोणाच्या नावावर?

कोल्हापूरला दूध म्हटले की आधी म्हैस आठवते. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून दिलेले धारोष्ण दूध असो, की 1963 साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघाचे मुंबई-पुण्याला जाणारे दूध असो. ती म्हैस रवंथ करताना मिथेन सोडते, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापदायक ठरतो. तिची वैरण, पेंड आणि पाणी यांचाही बोजा आहेच. तिच्यापासून दूध मिळते आणि शेवटी मांसही मिळते. मग या बोजातला कोणाच्या नावावर किती मांडायचा?

एक उत्तर दूध पिणाऱ्यांच्या घरात सर्रास ऐकू येते: दूध निर्मळ, पाप मांसाचे. हे मला अजिबात मान्य नाही. आपल्याकडे मांसासाठी म्हैस पाळतो कोण? ती दुधासाठीच वाढते, दुधासाठीच गाभण राहते. भाकड झाली की वडगावच्या बाजारात हेडी तिची किंमत करतो आणि त्या पैशांत भर घालून शेतकरी दुसरी म्हैस दावणीला आणतो. ती रक्कम दुधाच्या धंद्यात भांडवल म्हणून वापरायची आणि त्या जनावराचा सारा भार मात्र खाणाऱ्याच्या ताटात वाढायचा, हा हिशेब सचोटीचा नाही.

दुसरे उत्तर शास्त्राच्या पोशाखात येते, म्हणून त्याला जास्त वेळ दिला पाहिजे. आंतरराष्ट्रीय दुग्ध महासंघाने 2010 साली एक सूत्र दिले. गोठ्यातून विकलेल्या जनावरांच्या जिवंत वजनाला फॅट-प्रथिनांनुसार जुळवून घेतलेल्या दुधाने भागायचे, आलेल्या आकड्याला 5.7717 ने गुणायचे; तो मांसाचा वाटा, उरलेला दुधाचा. स्वतःचे आकडे नसतील तर दुधाला 85.6 टक्के आणि मांसाला 14.4 टक्के धरा, अशी सोयही त्यात आहे. जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातली ऊर्जा दुधाकडे किती गेली आणि वाढीकडे किती, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण हे सूत्र अमेरिकेतल्या गोठ्यांच्या माहितीवर बेतलेले आहे. तिथे नर वासरूही वजन करून विकले जाते.

आपल्या गोठ्यात काय घडते? समजा, एका म्हशीने पाच वेतांत साडेसात हजार किलो दूध दिले. 7 टक्के फॅट आणि 4 टक्के प्रथिने धरली तर जुळवलेले दूध साडेदहा हजार किलोंच्या वर जाते. ती साडेचारशे किलो वजनाची असताना विकली, तर सूत्राप्रमाणे जवळपास पाव भार मांसाकडे जातो. शेजारच्या दावणीला संकरित गाय आहे. महाराष्ट्रात गाईची कत्तल 1976 च्या कायद्याने बंद आहे आणि 2015 पासून बैलाचीही. तिचे मांस कायद्याने कोणाच्या ताटात जात नाही, म्हणजे तिथे मांसाचा वाटा शून्य. एकाच गोठ्यात एकीकडे चोवीस आणि दुसरीकडे शून्य असताना सरसकट 14.4 टक्के वजा करून दूध स्वच्छ दाखवणे म्हणजे न विकलेल्या मांसावर खोटी सूट घेणे आहे.

आणि रेडकाचे काय? अनेक गोठ्यांत नर रेडकाला आईचे दूध पुरेसे मिळत नाही आणि ते लवकर दगावते, हे सगळ्यांना ठाऊक असते; बोलत कोणी नाही. त्याचे मांस विकले गेले नाही. त्याच्या आईचा दहा महिन्यांचा गाभणकाळ आणि त्यात तिने खाल्लेली वैरण हा सगळा भार दुधाचा आहे, पूर्णपणे दुधाचा.

भावाप्रमाणे वाटणी करा, असेही काही जण सुचवतात. पण स्वतःच्या उसाला घातलेल्या शेणखताची पावती नसते, घरच्या गोबरगॅसचे बिल नसते. जिथे पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्कार शेणींवर होतात आणि लोक त्यासाठी शेणी दान करतात, तिथे शेणाला टाकाऊ म्हणून वाटणीतून वगळणारा हिशेब या गावाचा हिशेब नव्हे. शेणाने शेतात रासायनिक खत वाचवले असेल तर तेवढे श्रेय गोठ्याला मिळायलाच हवे. गळीत हंगामात उसाचे वाढे वैरणीला येतात. त्यांचा भार साखरेचा किती आणि दुधाचा किती, हेही याच वाटणीत ठरले पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे असे: गोठ्यातून खरोखर जे बाहेर पडते त्यावरच वाटणी करा. म्हशीला म्हशीचे आकडे, गाईला गाईचे, शेणाला त्याचे स्थान आणि मेलेल्या रेडकाचा भार दुधाकडे. यात दुधाचा आकडा वाढेल आणि तो लपवू नये. वाटणी कशीही केली तरी कोठीपोटातून निघालेल्या मिथेनचा एक कणही कमी होत नाही. तो कमी होतो पहिले वेत लवकर आल्याने, भाकडकाळ आटोक्यात राहिल्याने, चांगल्या वैरणीने.

अशी नोंद ठेवणे अवघड नाही. गावच्या संस्थेत रोज सकाळ-संध्याकाळ दुधाचे वजन आणि फॅट लिहिली जाते. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे. त्याच क्रमांकापुढे वेताची तारीख, रेडकू जगले की गेले, आणि म्हैस कोणत्या वजनाला विकली, एवढे तीन रकाने संघाने वाढवावेत.