जाळीची कसोटी

जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसरात रेडिओ-दुर्बिणीच्या अजस्र तबकड्या उभ्या आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास 45 मीटर, पण तिचे अंग पोलादी तारांच्या विरळ जाळीचे. वाऱ्याला वाट मिळावी म्हणून. त्या जाळीची एखादी तार तुटली, तर वर चढून ती दुरुस्त करता येते. याच तालुक्यातील किंवा शेजारच्या आंबेगावातील एखाद्या गृहस्थाच्या हृदयाच्या रोहिणीत बसविलेल्या जाळीबाबत मात्र ही सोय नाही. ‘स्टेंट’ नावाची ही जाळी एकदा बसली की जन्मभर तेथेच राहावयाची. म्हणून तिची परीक्षा आधीच, आणि कठोरपणे, व्हावयास हवी.

ती होते तरी कशी? शरीराइतक्या उष्ण क्षारजलाने भरलेल्या लवचीक नळीत स्टेंट फुलवितात आणि नाडीच्या ठोक्याप्रमाणे नळी फुगवीत-आकसवीत राहतात. मिनिटाला 72 ठोके धरले, तर दहा वर्षांत सुमारे 38 कोटी ठोके होतात. यंत्र सेकंदाला पन्नास ठोके देऊन हे काम तीन महिन्यांत उरकते. मग सूक्ष्मदर्शकाखाली तडा शोधावयाचा. रोहिणीच्या दाबाखाली जाळी किती चेपते, फुगा काढून घेतल्यावर किती आकसते, वळणावरून नेताना औषधाचा लेप खरवडून निघतो काय, त्याचे कण रक्तात सुटतात काय, हेही पाहिले जाते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक तारेकडून एवढी अपेक्षा!

आपल्याकडे चर्चा झाली ती किमतीची, आणि ती व्हावयासच हवी होती. फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरविली. त्यापूर्वी याच वस्तूसाठी लाखाच्या घरात रक्कम मोजणाऱ्या कुटुंबांना तो मोठाच दिलासा होता. जमीन गहाण टाकून पुण्याची वाट धरणे म्हणजे काय, हे मंचर-नारायणगावच्या लोकांना वेगळे सांगावयास नको. त्या आदेशाने आणखी एक उपयुक्त गोष्ट केली : बिलात स्टेंटचे नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक स्वतंत्रपणे लिहिणे रुग्णालयांना बंधनकारक झाले.

किंमत कळली, नाव कळले; गुण मात्र कळला नाही. आणि महाग तेच चांगले, हा भाबडेपणाही 2017 नेच उघडा पाडला. काही काळाने शरीरात विरघळून जाणाऱ्या ‘अ‍ॅब्सॉर्ब’ या स्टेंटचा तेव्हा मोठा बोलबाला होता. बहुवारिक हा धातूइतका बळकट नसल्याने त्याच्या काड्या सुमारे दुप्पट जाड ठेवाव्या लागल्या होत्या. रुग्णांवरील अभ्यासांत त्यात रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा अधिक आढळले आणि त्याच वर्षी कंपनीने त्याची विक्री थांबविली. उलट, सुरतेत तयार झालेल्या एका बारीक काड्यांच्या स्टेंटची युरोपातील 1,435 रुग्णांवर नामांकित परदेशी स्टेंटशी तुलना झाली, तेव्हा तो उणा ठरला नाही. हे निष्कर्ष 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. देशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ते अवश्य वाचावेत.

2005 मध्ये केंद्राने स्टेंटला औषधाच्या कायद्याखाली आणले. 2018 पासून वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियमही लागू झाले. म्हणजे परवान्यासाठी चाचण्यांची कागदपत्रे सादर होतात. ती फाइलीत राहतात, हेच दुखणे. अमेरिकेचे औषध प्रशासन मंजुरी देताना अशा चाचण्यांचा सारांश सर्वांसाठी प्रसिद्ध करते. युरोपच्या 2017 च्या कायद्याने शरीरात बसविण्याच्या उपकरणांबाबत रुग्णाला समजेल अशा भाषेतही सारांश मागितला आहे. आपल्याकडे तो मराठीत का मिळू नये? व्यापारी गुपिताचा आक्षेप येईल. परंतु लेपाची कृती कोणी मागत नाही. किती ठोक्यांपर्यंत तपासले, किती नमुन्यांना तडे गेले, लेप किती टिकला, एवढेच हवे आहे.

घोडेगावच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या कागदपत्रांत स्टेंटच्या वेष्टनावरील चिठ्ठी जपून ठेवलेली असते. तीवर बॅच क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या आधारे आपल्या छातीतील जाळीची परीक्षा कशी झाली, हे विचारण्याचा हक्क त्यांना आजच्या नियमांत एका दुरुस्तीने देता येईल.