ओढ्याची माती जाते कुठं?



मागच्या आठवड्यात आमच्या मोडनिंबला चांगला धो धो पाऊस झाला. शाळेजवळचा ओढा चहाच्या रंगाचा होऊन धावत होता. चौथीतला एक मुलगा खिडकीतून बघत होता. म्हणाला, "बाई, एवढी माती जाते कुठं?"

मी म्हटलं, "फिरून फिरून भीमेत. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला."

"म्हणजे समुद्रात आपली माती आहे?"

आहे तर! आता वाटेत मोठमोठी धरणं आहेत, बरीच माती तिथंच अडते. पण धरणं नव्हती तेव्हा हजारो वर्षं ती समुद्राच्या तळाशी जाऊन बसत होती. आणि गंमत अशी, की बसताना ती पावसापाण्याची नोंदही करून ठेवत होती. ती नोंद वाचायची कशी, तेच आज बघू या.

पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो, माहीत आहे ना? तो ओल्या चिखलात सरळ खुपसून अलगद वर काढा. आत चिखलाची कांडी येईल. वरचा चिखल नवा, खालचा जुना. शास्त्रज्ञही असंच करतात. फक्त त्यांची नळी लांबलचक आणि लोखंडी असते आणि ती जहाजावरून खोल समुद्रात सोडतात.

या गाळात फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं सापडतात. वाळूच्या कणाएवढी, चुन्याची. ती बनतात समुद्राच्या पाण्यातून. आता पाण्यात ऑक्सिजन असतो, हे तुम्ही शिकला आहात. त्यात काही ऑक्सिजन हलका, काही थोडा जड. वाफ होताना हलका जास्त उडून जातो. एरवी तो पावसातून, नद्यांतून समुद्रात परत येतो. पण हिमयुगात तो बर्फ होऊन जमिनीवरच अडकला. समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढलं आणि कवचांतही तो जास्त आला. म्हणजे कवच तपासलं, की तेव्हा पृथ्वीवर बर्फ किती होता ते कळतं! सुमारे २० हजार वर्षांपूर्वी इतका बर्फ साचला होता, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली होती.

१९७६ साली जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकलटन या तीन शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातला असाच गाळ तपासला. त्यांना दिसलं, की थंडी आणि ऊब आलटून पालटून येते. त्यात सुमारे २३ हजार, ४१ हजार आणि १ लाख वर्षांची चक्रं आहेत. का बरं? पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट कधी गोल, कधी जराशी लांबट होते. तिचा आस कमीजास्त कलतो. शिवाय ती भोवऱ्यासारखी डुलते. त्यामुळे ऊन कुठं, कधी, किती पडेल ते बदलतं.

"पण बाई, आपल्या पावसाचं काय?" असं विचाराल. तेही सापडलंय बरं का! आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखासमोरचा गाळ २००६ साली एका जहाजाने वर काढला. त्यातल्या वरच्या साडेआठ मीटरमध्ये सुमारे ११ हजार वर्षांचा हिशेब निघाला. झाडांच्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो. तो पुरातून वाहत जाऊन गाळात टिकतो. त्यावरून कळलं, की सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीपासून ते १७०० वर्षांपूर्वीपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्यात तग धरणारी झाडंझुडपं वाढत गेली. पाऊस हळूहळू कमी होत गेला होता.

याच काळात आपल्या भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीकाठी इनामगाव नांदत होतं. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून तिथं उत्खनन केलं. आधीची मोठी चौकोनी घरं जाऊन नंतर लहान गोल झोपड्या आल्याचं दिसलं. इसवीसनपूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं. पाऊस आटल्यामुळे हे झालं असावं, असं अनेक संशोधकांना वाटतं. तुमच्या आजी-आजोबांना १९७२ चा दुष्काळ विचारून पाहा, म्हणजे या लोकांवर काय वेळ आली असेल ते समजेल.

गोदावरीच्या त्याच गाळात आणखी एक नोंद मिळाली. गेल्या काही हजार वर्षांत दख्खनच्या काळ्या मातीचं प्रमाण त्यात वाढत गेलंय. झाडोरा विरळ झाला, शेती पसरली आणि उघडी जमीन धुपू लागली.

हे वाचून मला आमचा चहाच्या रंगाचा ओढा आठवला. पृथ्वीचं डुलणं आपल्या हातात नाही. पण बांध घालणं, बांधावर झाड लावणं तर आहे! गेलेली माती समुद्र सांभाळून ठेवतो, परत मात्र देत नाही. ज्वारी पिकते ती शेतातल्या मातीत, समुद्रातल्या नाही.

करून पाहा : काचेच्या बाटलीत मूठभर माती, थोडी वाळू आणि पाणी घालून जोरात हलवा. बाटली रात्रभर एका जागी ठेवा. सकाळी तळाशी काय बसलं, वर काय राहिलं, ते वहीत चित्र काढून लिहा. पालकांनो, पुढच्या पावसात मुलांना शेताच्या बांधावर जरूर न्या. पाणी कुठून फुटतंय, ते त्यांनाच शोधू द्या.

बरंय तर, भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमच्या बाई