बहिष्कृत बाई आपली नाही तर कुणाची?



बानू मुश्ताक मुसलमान बाई, लिहितात कानडीत, त्यांचं आपल्या अंकात काय काम? असं आपलेच काही कार्यकर्ते विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. गोड लागणार नाही.

आधी हिशेब. 1973 साली कर्नाटकातले दलित मंत्री बसवलिंगप्पा म्हणाले, कन्नड साहित्य बरंचसं भुसा आहे. सवर्णांच्या पोरांनी रस्ते पेटवले, दलित पोरांना मारलं. बसवलिंगप्पांचं मंत्रिपद गेलं. 1979 साली धर्मस्थळच्या साहित्य संमेलनात दलित साहित्याची गोष्ठी मागितली, तर नाही म्हणाले. तेव्हा चिडलेले लेखक बंगळूरला वेगळे जमले. त्यातून बंडाय उभी राहिली. बंडाय म्हणजे बंड. हासनच्या बानू मुश्ताक याच बंडायमधल्या. दलितांना दार बंद केलं म्हणून जी चळवळ पेटली, तिच्यात या बाईंची लेखणी तापली. आता सांगा, काय संबंध?

1948 चा जन्म. लंकेश पत्रिकेत बातमीदारी केली, पुढं वकिली केली. सहा कथासंग्रह लिहिले. मशिदीत बायकांनाही नमाजाला जागा पाहिजे, असं उघड बोलल्या. तर 2000 साली तीन महिने सामाजिक बहिष्कार. धमक्या आल्या. एक जण सुरा घेऊन अंगावर आला, नवऱ्यानं त्याला अडवलं. बाईंनी लिहिणं सोडलं नाही.

बहिष्कार हा शब्द आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. बाबासाहेबांनी 1927 साली पत्राचं नावच 'बहिष्कृत भारत' ठेवलं. पाणी बंद, दुकान बंद, बोलणं बंद. गावच्या पाटलानं केलं की आपलं रक्त उसळतं. जमातीच्या पंचांनी बाईवर केलं की मग आपण म्हणतो, तो त्यांचा घरचा मामला. हे कुठलं आंबेडकरी गणित?

रिंगखात्यात माझ्या बाजूच्या साच्यावर विजापूरकडचा एक सोबती आहे. मला कानडी येत नाही. रातपाळीच्या सुट्टीत तो त्यांची 'करी नागरगळु' ही गोष्ट मराठीत सांगत होता. करी नागरगळु म्हणजे काळे नाग. तीन पोरीच झाल्या म्हणून नवऱ्यानं टाकलेली बाई मशिदीपुढं न्याय मागत बसते. मुतवल्ली ऐकत नाही. आजारी लेकरू मरतं. मग मोहल्ल्यातल्या बायका त्या मुतवल्लीला शिव्याशाप देतात. सोबती म्हणाला, मुतवल्लीच्या जागी आमच्या गावचा पंच ठेव, गोष्ट तीच. याच कथेवर गिरीश कासारवल्लींनी 2004 साली 'हसीना' सिनेमा केला.

आता दुसरी जात बघा. बघा, मुसलमान बायकांवर केवढा जुलूम, म्हणून गळा काढणारे. 20 मे 2025 ला 'हार्ट लॅम्प' या बारा कथांच्या पुस्तकाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. इंग्रजी केलं दीपा भास्तींनी. कानडीला हा मान पहिल्यांदा, कथासंग्रहालाही पहिल्यांदा. कर्नाटक सरकारनं बाईंना म्हैसूरच्या दसऱ्याचं उद्घाटन करायला बोलावलं. तर हेच गळेकाढू कोर्टात गेले, मुसलमान बाई देवीपुढं नको म्हणून! हायकोर्टानं हाकललं, 19 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानंही हाकललं. 22 तारखेला बाईंनी उद्घाटन केलं. मशिदीच्या दारात एक मुल्ला, देवीच्या दारात दुसरा. दोघांची भाषा एकच: बाई, तू बाहेर.

मला त्या देवीचं काही पडलेलं नाही. आपला दसरा 14 ऑक्टोबर 1956 चा. पण 1930 साली काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसं देवाच्या भुकेनं उभी नव्हती. माणूस म्हणून दार उघडा, एवढंच म्हणणं होतं. बानूबाईंचं म्हणणं त्याहून वेगळं आहे काय?

आता आपली वस्ती. जयंतीच्या मिटिंगला ठराव कोण मांडतं आणि खिचडीच्या पातेल्यापाशी कोण बसतं? मनानं लग्न केलेल्या पोरीला आपल्याच भावकीनं टाकलं, तेव्हा निळा झेंडा घेऊन किती जण तिच्या दारात गेले? समाजाची प्रगती बायकांच्या प्रगतीवरून मोजा, असं बाबासाहेबांनी 1942 साली नागपुरात बायकांच्या परिषदेत सांगितलं. आपण त्यांचा फोटो मोजतो, किती फुटी लावला ते.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. किती शाखांनी तो वाचला? वाचा. तक्रार लिहायला शिका. वस्तीतल्या बायकांना लिहितं करा. आणि कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही जातीच्या पंचांनी बाई वाळीत टाकली, तर पत्रक काढायच्या आधी तिच्या घरी जा आणि तिच्या हातचं पाणी प्या. चवदार तळं मग तिथंच आहे.

जय भीम.