दूरच्या बंदुकीची जबाबदारी

फेब्रुवारी 2024 मध्ये संरक्षण मंत्रालयाने नौदल व तटरक्षक दलासाठी 463 दूरनियंत्रित मशीनगनचा करार केला. खर्च 1752 कोटी रुपये. उत्पादन कानपूरच्या सरकारी कंपनीकडे. जहाज हेलकावत असले तरी ही बंदूक नेम सोडत नाही, आणि नेमबाज डेकवर उभा न राहता आत पडद्यासमोर बसून ती चालवितो. चिलखती गाड्यांवरही जगभर हीच पद्धत रूढ होत आहे.

गारगोटी परिसरातील शेतकऱ्यांची मुले फौजेत जातात. त्यांच्या जिवाचा धोका टळत असेल तर त्यास विरोध कोण करील?

परंतु या बंदुका प्रामुख्याने लहान लक्ष्यांसाठी आहेत, आणि किनाऱ्यालगत लहान नौका असतात त्या बहुधा मच्छीमारांच्या. 2012 साली केरळच्या किनाऱ्याजवळ इटालियन जहाजावरील सैनिकांनी चाचे समजून झाडलेल्या गोळ्यांनी दोन भारतीय मच्छीमार मेले. ते सैनिक डोळ्यांनी पाहत होते. तरीही वाद 2021 पर्यंत चालला, आणि अखेर 10 कोटींच्या भरपाईनंतर भारतातील खटला मिटला. उद्या दोष कॅमेऱ्यावर ढकलला गेला तर?

डिसेंबर 1942 मध्ये गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले सात जण हुतात्मा झाले. ती गोळी कोणत्या सत्तेची, याविषयी कोणालाही शंका नव्हती. स्वतंत्र भारतात ती असता कामा नये. म्हणून पडद्यावरील प्रत्येक दृश्य जपून ठेवणे आणि हुकूम देणाऱ्याचे नाव नोंदविणे संसदेने कायद्याने बंधनकारक करावे. बंदूक दूर गेली तरी जबाबदारी दूर जाता कामा नये.