काचेवरचा तो लाल प्लस खरवडून काढा

डॉक्टर, केमिस्ट, रेडियमवाले, फ्लेक्स छापणारे, मुख्याध्यापक, मंडळांचे कार्यकर्ते आणि घरात कुणीतरी डॉक्टर आहे एवढ्या आधारावर गाडीला लाल प्लस चिकटवलेले सगळे, यांना ही विनंती आहे. पांढऱ्यावरचा तो लाल क्रॉस तुमच्या गाडीवर, दुकानाच्या पाटीवर, लेटरहेडवर किंवा प्रथमोपचाराच्या पेटीवर असेल, तर येत्या रविवारच्या आत काढून टाका. आपण त्याला दवाखान्याची खूण समजतो. मुळात ती युद्धाच्या कायद्यातली खूण आहे आणि तिचा अर्थ एकच: इथे गोळी झाडू नका.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. माझे वडील डॉक्टर होते. त्यांच्या जुन्या गाडीवर हा प्लस होता, म्हणून माझ्याही गाडीवर आला. मी डॉक्टर नाही. तरी नो पार्किंगमध्ये गाडी लावली की ट्रॅफिक हवालदार काचेकडे बघायचा आणि पुढे जायचा. नऊ वर्षं हे चाललं. मग सोसायटीत राहायला आलेल्या, सैन्याच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी पार्किंगमध्ये हटकलं. "अहो, हे दंडावर बांधून आम्ही जखमी आणायला जात होतो. तुम्ही हे लावून भाजी आणायला जाता." मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांना का हसू आलं नाही, हे समजायला 24 जून 1859 पर्यंत मागे जावं लागतं. इटलीतल्या सोल्फेरिनो गावाजवळ फ्रान्स आणि सार्डिनियाचं सैन्य ऑस्ट्रियाच्या सैन्याशी भिडलं. संध्याकाळी हजारो जखमी मैदानात तसेच पडून होते. कामासाठी त्या भागात आलेला आंरी द्युनां हा जिनिव्हाचा व्यापारी तिथे पोहोचला आणि जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांना हाताशी धरून कुठल्याही बाजूच्या जखमीला पाणी देऊ लागला, पट्ट्या बांधू लागला. सैन्यांकडे डॉक्टर होते, जखमी वाहणाऱ्या गाड्याही होत्या, पण प्रत्येक देशाच्या पथकाचं निशाण निराळं. ऑस्ट्रियाचं पांढरं, फ्रान्सचं लाल, स्पेनचं पिवळं. धुरात, पळापळीत, समोरून येणारी गाडी तोफेची की जखमींची हे शत्रूच्या शिपायाला कसं कळावं? तो गोळी झाडून मोकळा व्हायचा.

द्युनांने 1862 मध्ये पुस्तक लिहिलं, पुढच्या वर्षी जिनिव्हात समिती बसली, जी पुढे रेडक्रॉस झाली, आणि 22 ऑगस्ट 1864 रोजी बारा देशांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. अवघी दहा कलमं. जखमी कुठल्याही देशाचा असो, त्याची शुश्रूषा झाली पाहिजे. शुश्रूषा करणाऱ्यांवर हल्ला करायचा नाही. आणि या सगळ्यांना सगळ्या देशांत एकच खूण. क्रॉस म्हटल्यावर आपल्याकडे अनेकांना चर्च आठवतं, पण ही आकृती स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून घेतली आहे. उस्मानी तुर्कांनी 1876 मध्ये तिच्या जागी लाल चंद्रकोर वापरायला सुरुवात केली आणि 2005 मध्ये लाल स्फटिक ही तिसरी आकृती मान्य झाली. तिन्हींचं कायदेशीर वजन सारखं.

या एका रोपातून पुढे जो वृक्ष वाढला त्याला आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा म्हणतात. नाव जड आहे, मुद्दा साधा. युद्ध कुणी सुरू केलं, कुणाची बाजू न्यायाची, या वादात हा कायदा पडत नाही. तो एवढंच विचारतो की तुम्ही लढताय कसे? लढणारे आणि न लढणारे यांत फरक करताय का? शस्त्र टाकलेल्याला मारताय का? 12 ऑगस्ट 1949 चे चार जिनिव्हा करार हा त्याचा कणा आहे: जमिनीवरचे जखमी, समुद्रातले जखमी, युद्धकैदी आणि सामान्य नागरिक. जगातल्या 196 देशांनी हे चारही मान्य केले आहेत. भारताने ते 1950 मध्ये मान्य केले. रुग्णालयाला मिळणारं संरक्षण तिथून शत्रूविरुद्ध कारवाया झाल्या तरच जातं, आणि तेव्हाही आधी इशारा द्यावा लागतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. डिसेंबर 1971 मध्ये ढाक्यातलं इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेल रेडक्रॉसने तटस्थ क्षेत्र म्हणून राखलं होतं. 14 डिसेंबरला भारतीय विमानांनी गव्हर्नर हाउसवर हल्ला केला, तेव्हा पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर ए. एम. मलिक यांनी राजीनामा दिला आणि याच हॉटेलात आसरा घेतला. त्या छपराखाली ते सुरक्षित राहिले. कारगिलच्या वेळी पाकिस्तानच्या हाती सापडलेले फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता जून 1999 मध्ये रेडक्रॉसच्याच मध्यस्थीने परत आले. मे 2025 मध्ये सीमेवर आग पेटली, तेव्हा श्रीनगरमध्ये रुग्णालयांच्या गच्चीवर घाईघाईने मोठाले लाल क्रॉस रंगवले जात होते. गच्चीवर रंगवायचे, कारण ते वाचणारा आकाशात असतो.

तुम्ही म्हणाल, हल्ली हे चिन्ह पाळतो कोण? प्रश्न रास्त आहे. 23 मार्च 2025 रोजी गाझातल्या रफाह इथे मदतीला निघालेले 15 जण इस्रायली सैन्याच्या गोळीबारात मारले गेले. आठ पॅलेस्टिनी रेड क्रिसेंटचे, सहा नागरी संरक्षण दलाचे, एक संयुक्त राष्ट्रांचा कर्मचारी. आठवड्याभराने त्यांचे मृतदेह वाळूखाली पुरलेले सापडले. लाल चंद्रकोर असूनही ते मेले.

पण पुढचं वाचा. सैन्याने आधी सांगितलं की या गाड्या दिवे न लावता संशयास्पद रीतीने येत होत्या. मग मारल्या गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या मोबाइलमधलं चित्रण बाहेर आलं. त्यात दिवे चालू होते आणि रुग्णवाहिकांवरच्या खुणा ठळक दिसत होत्या. सैन्याला आपलं आधीचं म्हणणं चुकीचं होतं असं कबूल करावं लागलं. त्या खुणेने जीव वाचले नाहीत, पण "आम्हाला कळलं नाही" ही पळवाट तिने बुजवली. आता कल्पना करा, त्या शहरात प्रत्येक औषध दुकानाच्या टेम्पोवर आणि प्रत्येक डॉक्टरच्या मेहुण्याच्या गाडीवर तीच खूण असती, तर तो बचाव किती सहज चालला असता.

काकांचा राग इथला होता. सोल्फेरिनोला एकाच अर्थाची अनेक निशाणं होती. आपण उलटं केलंय, एकाच निशाणाला अनेक अर्थ चिकटवलेत. सैनिक काही आकाशातून पडत नाही. तो आपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून जातो, बुलढाण्याच्या नाहीतर कोल्हापूरच्या भरतीच्या रांगेतून जातो. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्याने हा प्लस कुठे पाहिलेला असतो? मेडिकलच्या पाटीवर, पॅथॉलॉजी लॅबच्या बोर्डावर, खेळण्यातल्या डॉक्टर सेटवर, नाक्यावर न अडवल्या जाणाऱ्या गाडीवर. मग एका तासाच्या व्याख्यानात त्याला सांगायचं की हे दिसलं की बोट ट्रिगरवरून काढायचं. वीस वर्षांच्या सवयीला एक तास कसा पुरणार?

चांगल्या हेतूनेही हे चिन्ह वापरून चालत नाही, याचा दाखला कोलंबियात आहे. 2 जुलै 2008 रोजी तिथल्या सैन्याने मदत संस्थेचे लोक असल्याची बतावणी करून बंडखोरांच्या ताब्यातल्या 15 ओलिसांना सोडवलं. एकही गोळी झाडली नाही, जगभर कौतुक झालं. दोन आठवड्यांनी राष्ट्राध्यक्ष उरिबे यांना कबूल करावं लागलं की एका सैनिकाने रेडक्रॉसचं चिन्ह अंगावर घातलं होतं. ओलीस सुटले याचा आनंदच आहे. पण त्यानंतर जंगलात उतरणाऱ्या खऱ्या रेडक्रॉसच्या माणसाकडे बंडखोर कोणत्या नजरेने बघणार, हे सांगायला नको.

आणि हा फक्त शिष्टाचाराचा प्रश्न नाही. आपल्याकडे जिनिव्हा करार कायदा, 1960 लागू आहे. त्याच्या 12 व्या कलमानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय लाल क्रॉस किंवा लाल चंद्रकोर कोणत्याही कारणासाठी वापरता येत नाही. फसवं साधर्म्य असलेली आकृतीही नाही, आणि लाल पार्श्वभूमीवरचा पांढरा स्विस क्रॉसही नाही. 13 वं कलम शिक्षा सांगतं: 500 रुपयांपर्यंत दंड आणि चिन्ह लावलेला माल जप्त. 1960 मध्ये 500 रुपये ही रक्कम होती, आज एवढ्यात दोघांचं बाहेरचं जेवण होत नाही. शिवाय सरकारने किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय न्यायालय अशा गुन्ह्याची दखलही घेत नाही. कायद्याच्या धाकाने ही खूण उतरणार नाही, म्हणून तर हे आवाहन.

मग वापरायचं कुणी? सर्वात आधी सैन्याच्या वैद्यकीय सेवेने. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून (एएफएमसी) बाहेर पडून आघाडीवर जाणाऱ्या डॉक्टरचा तो हक्क. मग भारतीय रेडक्रॉस सोसायटीने, पण शांततेच्या काळात लहान आकारात, आणि छपरावर किंवा दंडावर नाही. युद्धकाळात सरकारने अधिकृत ठरवलेल्या नागरी रुग्णालयांनी. शांततेच्या काळासाठी करारात आणखी एक वाट ठेवली आहे: फक्त मोफत उपचार करणाऱ्या केंद्रांना आणि रुग्णवाहिकांना राष्ट्रीय रेडक्रॉस सोसायटीच्या स्पष्ट परवानगीने तो लावता येतो. आषाढी वारीत वारकऱ्यांच्या पायांना मलम लावणाऱ्या मंडळांनी हे ध्यानात ठेवावं. सेवा मोफत आहे म्हणून परवानगी आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते.

डॉक्टरमंडळी, तुमच्यासाठी "डॉ." एवढी अक्षरं पुरेशी आहेत, फारच हौस असेल तर सापाने वेढलेली काठी आहेच, ती तुमचीच आहे. केमिस्टना हिरवा क्रॉस चालेल. खासगी रुग्णवाहिकांना निळा सहा टोकांचा तारा. प्रथमोपचार पेटीवर हिरव्यात पांढरा क्रॉस, जो जगभर कारखान्यांत दिसतो. रक्तदान शिबिराच्या फ्लेक्सवर रक्ताचा थेंब कुणालाही कळतो. रेडियमवाल्यांनो आणि फ्लेक्सवाल्यांनो, खरी किल्ली तुमच्याकडे आहे. गिऱ्हाईक "तो लाल प्लस टाका ना" म्हणालं, तर हिरवा सुचवा, कारण विचारलं तर सांगा. मालिका-नाटकांच्या नेपथ्यकारांनाही हेच सांगणं, कारण खोट्या दवाखान्याच्या दारावर लाल प्लस रंगवायची सवय तुम्हीच लावलीत.

दुसऱ्याच्या गाडीवर दिसला तर भांडू नका, फोटो काढून व्हायरल करू नका. बहुतेकांना खरोखर माहीत नसतं, मलाही नव्हतं. काकांसारखं एक वाक्य बोला आणि पुढे जा.

राहता राहिलं काढायचं तंत्र. काचेवरचा स्टिकर जुना असेल तर ओढू नका, फाटतो. हेअर ड्रायरची गरम हवा मिनिटभर द्या, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने एका कोपऱ्यातून सोलत जा. डिंक उरतोच. त्यावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा आणि सुती फडक्याने पुसा. माझ्या काचेवर त्या जागी फिकट क्रॉस अजून दिसतो, उन्हाने बाकीची काच मळकट झाली होती ना. तो परवा काकांनी पाहिला आणि म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत जाईल."